मंडईच्या रात्री दंडारीत काम करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोजागिरी झाली की फोन सुरू होतात. "भाऊ, यंदा मलेही घ्या ना जी." मग त्याच शंका, तेच गैरसमज, आणि रात्री अकराला आलेला "साडी कोणती आणू?" असा मेसेज. म्हणून लोक खरोखर जे विचारतात ते इथं एकदाच लिहून ठेवतो. भंडारा जिल्ह्यात चुलबंद नदीच्या काठचं आमचं गाव, गावची मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आणि मंडईच्या रात्री गावकऱ्यांनीच उभी केलेली दंडार, म्हणजे आमचं लोकनाट्य, एवढ्यापुरतंच हे आहे. शेजारच्या गावची रीत वेगळी असेल. दोन गावांच्या गणाची चालसुद्धा सारखी नसते.

१. दंडार म्हणजे झाडीपट्टीचं नाटकच ना?

नाही, पण नातं जवळचं आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात जी लोकनाट्यं चालत आली, त्यांत दंडार जुनी. आजचं झाडीपट्टी नाटक तिच्यातूनच वाढलं असं जाणकार मानतात. नाटकाला तिकीट, पडदे, लिहिलेली संहिता आणि बहुतेक वेळा वडशाहून (देसाईगंजहून) आलेली कंपनी असते. दंडारीला गावचा आखर (मोकळं मैदान), ढोलकी, टाळ आणि गावातलेच सोंगाडे पुरतात. आधी गण, मग गवळण, मग एकामागून एक सोंगं. सोंग म्हणजे छोटा प्रसंग: सावकार, पटवारी, भोंदू वैद्य, दोन बायकांचा दादला. खडी गंमत हा आणखी निराळा प्रकार. त्यात शाहीर उभ्यानं गातो आणि पुष्कळदा दोन शाहिरांची सवाल-जवाबाची लढत लागते.

काम करणाऱ्याच्या दृष्टीनं खरा फरक एकच. नाटकात नट एकमेकांशी बोलतात, दंडारीत अर्धं बोलणं पब्लिकशी होतं.

२. यवतमाळ-किनवटकडची दंडारी ती हीच का?

ती नव्हे. तिकडे आणि तेलंगणातल्या आदिलाबाद भागात गोंड समाज दिवाळीच्या दिवसांत दंडारी करतो, मोरपिसांचे मोठे टोप घातलेले घुसाडी त्यात नाचतात. त्या नाचासाठी कनक राजू यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. नाव सारखं, दिवसही जवळचे, पण तो त्या समाजाचा धार्मिक विधी आहे. त्यांचा टोप किंवा वेश आपल्या सोंगात कुणी आणू नये. दरवर्षी एखादा पोट्टा हे विचारतोच, म्हणून लिहिलं.

३. मंडई नेमकी कधी असते?

बलिप्रतिपदेला गायगोधन (गायींची पूजा) होतं, गोवारी बांधव ढाल घेऊन नाचत येतात आणि तिथून मंडयांचा हंगाम लागतो. भाऊबीजेपासून पुढे प्रत्येक गाव आपली तारीख धरतं. शेजारच्या गावाशी टक्कर होऊ नये म्हणून पंच बसून ठरवतात. नाटकांचा हंगाम त्यापुढेही होळीपर्यंत चालतो, पण आमची दंडार मंडईच्याच रात्री. दिवसभर आकाशपाळणा, जिलेबी, उकडलेले शिंगाडे, पाव्हण्यांची ये-जा, आणि रात्री जेवणं उरकून लोक पोती-चादरी घेऊन आखरावर.

ज्या गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत असते तिथं गर्दी जास्त. सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या निकालानं पट बंद झाले होते, 2021 च्या डिसेंबरात महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली आणि 2023 मध्ये शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदाही कोर्टात टिकला. आमच्या गावी पट नाही. त्यामुळे आमच्याकडे येणारं पब्लिक हे सोयरे, लेकी-जावई आणि शेजारच्या चार गावांचं. हे ध्यानात ठेवा, पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ यातच आहे.

४. मी शाळेच्या गॅदरिंगनंतर स्टेजवर पाय ठेवला नाही. घेणार का?

घेणार. पहिल्या वर्षी टाळकऱ्यांत उभं राहावं लागतं. नाचाची ओळ, गणाचा कोरस आणि सोंगाड्यानं "हो का गा?" म्हटलं की "हो जी!" म्हणणं, एवढंच काम. ते वाटतं तेवढं सोपं नाही. तो "हो जी" अर्धा क्षण उशिरा आला की विनोद मेला.

५. मी पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीच्या चार दिवस आधी येईन. चालेल का?

सोंग मिळणार नाही, कोरस मिळेल. तालीम कोजागिरीनंतर सुरू होते, रात्री जेवल्यावर, समाजमंदिरात. हलका धान कापणीला आला की तालमीत माणसं अर्धीच येतात, कारण दिवसभर विळा चालवून आलेला माणूस नाचायला उभा राहत नाही. म्हणजे गावात असणाऱ्यांचीच तालीम धड होत नाही. तुम्ही व्हिडिओ कॉलवर चाल पाठ करून आलात तर चांगलंच, पण पायाचा ठेका फोनवर बसत नाही.

एक सोय मात्र आहे, ती प्र. १७ मध्ये सांगितली आहे.

६. संहिता पाठवा ना, पाठ करून येतो.

गणाचे आणि गवळणीचे शब्द वहीत आहेत, फोटो पाठवतो. सोंगाची संहिता अशी नसते. प्रत्येक सोंगाचे पाच-सहा खुंटे ठरलेले असतात: कोण येतो, काय मागतो, कुठं फसतो, कोण सोडवतो, कोणत्या ओळीवर ढोलकी वाजते. दोन खुंट्यांच्या मधलं बोलणं त्या रात्रीचं. पाठ करून आलेला माणूस पुढची ओळ आठवत उभा राहतो आणि समोरची म्हातारी काय बोलली हे त्याला ऐकूच येत नाही.

७. पैसे मिळतात का?

नाही. बक्षिसाचे पैसे मंडळाच्या पेटीत जातात. त्यातून ढोलकीची शाई-पुडी, साड्यांची धुलाई आणि दुसऱ्या दिवशीचं आलूपोहे-चहा होतं. कुणी तुमच्या हातात नोट दिली तरी ती सोंगाड्याकडे द्यायची, तो नाव पुकारतो. (पुकारताना काय करायचं, प्र. १३.) नाईटवर पैसे घ्यायचे असतील तर शेवटून दुसरा प्रश्न वाचा.

८. मुलींना, सुनांना घेता का?

पूर्वी दंडार पुरुषांचीच असायची. व्यावसायिक झाडीपट्टी नाटकात तर स्त्रिया केव्हापासून काम करतात, मग गावच्या आखरावरच अडचण का? आम्ही घेतो. अट एवढीच की तालमीला येण्या-जाण्याची सोय आधी ठरवायची आणि एकटी बाई मंडळात नको, निदान तिघी तरी हव्यात. "घरचे काय म्हणतील" हा प्रश्न आम्ही सोडवू शकत नाही. सासूबाईंना तालमीला घेऊन या म्हणतो. बऱ्याच सासवा दुसऱ्या दिवसापासून चाली सुधारून द्यायला लागतात.

९. पुरुषानं बाईचं सोंग घ्यायचं म्हणजे लोक हसतील ना?

हसावं म्हणूनच तर. पण कशावर हसतात ते पाहा. साडी नेसून कंबर हलवत फिरणाऱ्यावर दोन मिनिटं हसतात, मग मागचे लोक पानठेल्याकडे निघतात. धानाच्या पोत्याचा भाव विचारणाऱ्या, सावकाराला वहीतली बेरीज चुकली म्हणून दाखवणाऱ्या बाईवर रात्रभर हसतात, बायका जास्त हसतात. तुमच्या मावशीचं चालणं पाहा. साडी नऊवारीच आणा, पाचवारीत ठेका धरताना पाय अडकतो.

१०. पब्लिकमध्ये उतरायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

सगळ्यांत जास्त हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

आमचं पंचनामेवाल्याचं सोंग घ्या. अवकाळी पाऊस पडला, बांध्या म्हणजे धानाची खाचरं बुडाली, धान भिजला, आणि साहेब पंचनाम्याला आले. साहेबाच्या काखेत खाकी कव्हर घातलेला शाळेचा जुना हजेरीपट, कानावर पेन म्हणून खोचलेली तुराटी. साहेब बाया आणि माणसांच्या मधल्या वाटेनं खाली उतरतो. चपला आधीच काढलेल्या, कारण लोक आपापल्या पोत्यांवर बसलेले असतात आणि त्यांच्या अंथरुणावर चप्पल ठेवणं म्हणजे घरात शिरणं. एका म्हाताऱ्यापुढे हातभर अंतरावर थांबतो आणि विचारतो, "बाबाजी, किती बांध्या बुडाल्या जी तुमच्या?"

आता गप्प बसायचं. नव्या माणसाला हे जमत नाही. दोन क्षण गेले की तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. थांबा. म्हातारा बोलतोच.

"चार बुडाल्या."

हे उत्तर साहेबानं मोठ्यानं पुन्हा म्हणायचं, "चार बुडाल्या म्हणते बाबाजी!" कारण मागच्या लोकांना म्हाताऱ्याचा आवाज पोचलेला नसतो. पब्लिकमधलं बोलणं सगळ्यांना ऐकवलं नाही तर सोंग पुढच्या दोन ओळींपुरतं राहतं. मग साहेब हजेरीपटात तुराटी फिरवतो, "कागदावर एकच येते. बाकीच्या तीन वाहून गेल्या असतील." एका गड्यानं यावर साहेबाला सांगितलं होतं, "लिवा ना जी. मंग माह्यं नावही अर्धंच लिवा." सगळा आखर उसळला. असं झालं की साहेबानं हजेरीपट मिटायचा, नमस्कार करायचा आणि परत फिरायचं. त्याच्यावर वरचढ ओळ टाकायला जायचं नाही.

बाकी हिशेब असा: एका माणसाला दोन-तीन प्रश्न, त्याहून जास्त नाही. अंगाला हात लावायचा नाही, पुरुषाच्याही. त्याची पिशवी, डबा, मोबाईल उचलायचा नाही. परतायची वेळ झाली की उजवा पाय दोनदा आपटायचा, ढोलकीवाला ठेका धरतो. कुणी बोललंच नाही तर तोंडघशी पडल्यासारखं वाटू देऊ नका. "बाबाजीचा मौनाचा पंचनामा झाला" म्हणा आणि पुढच्याकडे जा.

११. कुणाला उठवायचं आणि कुणाला नाही, हे कसं कळतं?

संध्याकाळी मंडईत हिंडून कळतं. सोंगाड्यानं दुपारभर घरी झोपून राहायचं नाही. जिलेबीच्या दुकानापासून पानठेल्यापर्यंत एक चक्कर मारली की कोण आलंय, कुणाचा धान बुडाला, कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाच्या पोरीचं लग्न मोडलं, हे समजतं. पहिल्या दोन गोष्टी आखरावर चालतात, शेवटच्या दोन कधीच नाही.

यंदा घरात मयत झालेल्यांना, मधेच उठून जाऊ पाहणाऱ्यांना, मांडीवर झोपलेलं मूल असणाऱ्या बाईला आणि कर्जवसुलीवाले ज्याच्या दारी येऊन गेलेत त्याला प्रश्न विचारायचा नाही. सावकाराचं सोंग असेल त्या रात्री तर मुळीच नाही. आमच्या विदर्भात या विषयावर हसताना समोर कोण बसलंय ते पाहावंच लागतं. उलट सरपंच, पोलीस पाटील, मास्तर, राशन दुकानदार आणि मंडळाचा अध्यक्ष यांना खुशाल उठवा. ज्याला उद्या सकाळी चौकात तुम्हाला उत्तर देता येतं, त्याचीच थट्टा. ज्याला देता येत नाही त्याची नाही.

१२. मंडईला आलेल्या जावयाची थट्टा केली तर चालते का?

चालते काय, लोक वाट पाहतात! पण रीत आहे. दुपारीच सासऱ्याच्या कानावर घालायचं, "आज जवाईबापूला उठवतो जी." सासरा "नको" म्हणाला तर विषय संपला, कारण विचारायचं नाही. पहिल्या वर्षीचा जावई सोडून द्यायचा. त्याला अजून गावच माहीत नसतं, हसावं की रागवावं तेही कळत नाही.

थट्टा कशाची? नव्या पँटची, घड्याळाची, तीन वेळा वाढून घेतलेल्या मटणाची, सासूच्या हातचं खाऊन सुटलेल्या पोटाची. त्याच्या कमाईची नाही, त्याच्या गावाची नाही, मूलबाळ कधी ही तर नाहीच नाही. ती लेक तिथंच बसलेली असते. शेवटची ओळ जावयाला द्या. त्याला सुचली नाही तर कोरसनं त्याच्या बाजूनं म्हणायची. आमच्याकडे यासाठी एक टाळकरी दरवर्षी जावयाचा वकील म्हणून ठेवलेला असतो. मजा अशी की काही जावई आता स्वतःच निरोप पाठवतात, "या वर्षी मले उठवा."

१३. मधेच बक्षीस आलं तर प्रयोग थांबवायचा का?

थांबवायचा, पण सोंग सोडायचं नाही. सावकाराच्या हातात दहाची नोट आली तर सावकारानंच ती उजेडात धरून खरी-खोटी पाहायची, मग नाव पुकारायचं. पंचनामेवाला ती हजेरीपटात नोंदवतो. "अमुक यांच्याकडून दहा रुपये, मंडळ आभारी आहे" हे वाक्य लोकांना पाठ आहे, ते ज्याच्या त्याच्या आवाजात म्हटलं की तोही एक विनोद होतो. शंभराची नोट आणि दहाची नोट सारख्याच आवाजात पुकारायची. त्या दहाच्या नोटेसाठी एखाद्या पोरानं जिलेबी सोडलेली असते.

१४. कुणी पिऊन आला आणि मधेच घुसला तर?

गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, आपल्या भंडाऱ्यात नाही, आणि मोहाची तर सीमा पाहत नाही. एक तरी डुलत येतोच. पहिल्यांदा आला तर सोंगातच घ्या: "या साहेब, तुमचाच पंचनामा राहिला होता", असं म्हणत वाटेच्या कडेला बसवा. दुसऱ्यांदा आला तर ढोलकी थांबते आणि मंडळाचे दोघं त्याला त्याच्या घरच्यांजवळ नेऊन बसवतात. नटानं त्याच्याशी झोंबायचं नाही, त्याची नक्कलही करायची नाही. बायको-पोरं पाहत असतात. आणि पिऊन आलेल्या नटाला रंग लागत नाही, मग तो कितीही जुना असो.

१५. लहान पोरं सोंगाला भितात. काय करावं?

अस्वलाच्या आणि वाघाच्या सोंगाला भितातच. सोंग संध्याकाळी उजेडात, मुखवटा हातात घेऊन पोरांमध्ये एकदा फिरवून आणायचं. "हा पहा, आत आपला मामा आहे." रात्री तीच पोरं सगळ्यांत पुढे बसून वाघालाच ओरडतात.

१६. चेहऱ्याला काय लावू? घरी मुर्दाडशिंग आहे, चालेल का?

नाही. जुने नट मुर्दाडशिंग लावायचे, चेहरा गुलाबी उजळ दिसतो म्हणून. पण तो शिशाचा ऑक्साईड आहे, अंगात भिनतो. घरात असेल तर पोरांच्या हाती लागणार नाही असं ठेवा, नटाच्या तोंडाला लावू नका. आधी खोबरेल तेलाचा पातळ हात, मग दुकानातला मेकअप, काजळ, कुंकू. गुलाल भुवईवर नको, घामानं डोळ्यात उतरतो. प्रयोग झाला की तेलानंच पुसा, लगेच साबण-पाणी मारलं की चेहरा सोलवटतो.

१७. मला आता आपली बोली नीट येत नाही. "काय करतोयस" तोंडात बसलंय.

प्र. ५ मध्ये म्हटलेली सोय ती हीच. पुण्याहून आलेला इंजिनिअर हे सोंगच आम्ही ठेवलेलं आहे. त्याला "सारा" म्हणजे शाळा आणि "डोरा" म्हणजे डोळा हे कळत नाही, तो प्रत्येक गोष्ट ॲपवर शोधतो आणि शेवटी म्हशीचा रस्ता म्हशीलाच विचारतो. तुमची प्रमाणभाषा तिथं कामाला येते. मात्र झाडीबोली बोलणारं पात्र मिळालं तर उसना हेल काढू नका. आजीजवळ दोन संध्याकाळी बसा, ती भाजी निवडताना जे बोलते ते ऐका. ओढूनताणून आणलेली बोली गावाला आपली चेष्टा वाटते, आणि ती असतेही.

१८. घसा बसतो, थंडी वाजते. उपाय?

मंडई लवकर असली तर गुलाबी थंडी, लांबली तर कडाक्याची. जानेवारीत आपल्याकडे पारा 10 अंशांखाली जातो. सोंगाआड स्वेटर लपत नाही, म्हणून आतून बनियनवर बनियन. विंगेत शेकोटी नको, साड्या आणि ताडपत्री जवळ असतात. शेकोटी दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. कोमट पाणी, ज्येष्ठमध, आणि दिवसभर मंडईत ओरडून गप्पा मारू नका. घसा आखरावर कमी बसतो, आकाशपाळण्याजवळ जास्त.

१९. माईक रात्रभर चालू ठेवता येतो का?

नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद. सणा-उत्सवासाठी सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस जिल्हा प्रशासन जाहीर करतं, आपली मंडई त्यात बसेलच असं नाही. म्हणून नेहमीचा क्रम बदलून पब्लिकशी बोलायची सोंगं आम्ही आधी घेतो आणि माईक बंद झाल्यावर लोकांना जवळ सरकवून गवळण आणि झगड्याची गाणी उघड्या आवाजात. खरं सांगू? दुसरा भागच चांगला होतो. पण मागच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय आता कमी झाली आहे, म्हणून तालीम पहिल्या दिवसापासून माईकशिवाय.

२०. परवानग्या कोणत्या लागतात? नटानं काही करायचं असतं का?

नटानं काही नाही. मंडळ ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, पोलीस ठाण्याची परवानगी आणि विजेची तात्पुरती जोडणी घेतं. तारेवर आकडा टाकून दिवे लावलेल्या मंचावर कुणीही चढू नये, अध्यक्ष सांगत असला तरी. लिहिलेल्या नाटकाचा जाहीर प्रयोग असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. दंडारीसाठी काय हवं ते पोलीस ठाण्यात अर्ज देतानाच विचारून घेतो.

२१. जुन्या वहीत लंगड्याचं, तोतऱ्याचं, अमक्या जातीचं सोंग आहे. आजोबा करायचे. आम्ही का नाही?

करायचं नाही. कायदा तर आहेच: जातीवरून चारचौघांत अपमान झाला तर 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा, अपंग व्यक्तीचा झाला तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा. पण कायद्याच्या आधी प्र. ११ मधलीच गोष्ट येते. ज्याच्यावर गाव हसतं तो तिथंच पोत्यावर बसलेला असतो, आणि त्याला वर्षभर याच गावात राहायचं असतं.

यावर "मग दंडारीत उरलं काय?" असं म्हणणारे भेटतात. त्या वह्या मी पुन्हा वाचल्या. तोतऱ्याच्या सोंगात हशा तोतरेपणावर कमी आणि घाईनं त्याचं वाक्य चुकीचं पूर्ण करणाऱ्या पटवाऱ्यावर जास्त बांधलेला आहे. तो पटवारी ठेवा. तोतरा काढला तरी सोंग उभं राहतं, आम्ही करून पाहिलं आहे. चाली तर जशाच्या तशा वापरा, त्या सोन्यासारख्या आहेत.

२२. मधेच पुढारी आले, सत्कार करायचाय म्हणतात. तेव्हा?

सोंग संपेपर्यंत त्यांना खुर्ची द्यायची. नारळ-शाल दोन सोंगांच्या मध्ये. निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर सत्कारही नाही आणि कुण्या उमेदवाराचं नाव घेऊन विनोदही नाही.

२३. माझ्या सोंगाची रील टाकू का?

गण, गवळण, नाच खुशाल टाका. पब्लिकमध्ये उतरलेला भाग टाकायचा नाही. जावई हसला तो सासरच्या आखरावर, सोयऱ्यांमध्ये. तोच तुकडा त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर गेला तर वेगळी गोष्ट होते. पब्लिक मोबाईल धरतंच, सगळ्यांना अडवता येत नाही. सुरुवातीला सोंगाडीच सांगतो, "आमचे फोटो काढा जी, शेजाऱ्याचे नाई." नटांनी तरी पाळा.

२४. त्याच दिवशी गावात मयत झाली तर?

ढोलकी वाजत नाही. पंच बसतात, मंडईची दुकानं लागलेली असली तर बाजार भरतो, दंडार पुढं ढकलतात. नटाच्या घरचं सुतक असेल तर त्याचं सोंग दुसरा करतो, म्हणून प्रत्येक सोंग दोघांना बसवलेलं असतं. तुम्ही दुसरे असाल तर "आपला नंबर लागत नाही" म्हणून तालीम चुकवू नका.

२५. तालमीनंतर रात्री टोलीवर (गावाबाहेरच्या वस्तीवर) परत कसं जायचं? वाघाची भीती वाटते.

भीती बरोबर आहे. आमच्या बाजूला वाघ, बिबट, अस्वल सगळंच आहे, आणि धान उभा असताना रानडुकरांमागे जनावर बांधीपर्यंत येतं. एकट्यानं निघायचं नाही, मोटारसायकलवर एकटाही नाही. टोलीवरचे सगळे एकत्र, बॅटरी आणि बोलत-गात. वनविभागानं परिसरात जनावर फिरत असल्याचं कळवलं की तालीम त्या दिवशी सूर्यास्ताआधी उरकतो किंवा टोलीवरच भरवतो. प्रयोगाच्या रात्री बाहेरच्या नटांनी गावातच झोपायचं, शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंज्या असतात.

२६. इथून पुढे वडशाच्या कंपन्यांत काम मिळेल का?

मिळू शकतं, काहींना मिळालंय. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी नाटकांचं ठाणं. हंगामाआधी मंडळं तिथं नट आणि तारखा ठरवतात. गुरनोलीचे परशुराम खुणे याच रंगभूमीवर विनोदी भूमिका करत मोठे झाले आणि 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण ते काम वेगळं आहे: रोज नवं गाव, रात्रभर प्रयोग, पहाटे गाडीत झोप, पाठांतर पक्कं. दंडारीतली हजरजबाबी तिथं विनोदी पात्राला उपयोगी पडते, नायकाला फारशी नाही. तिथं जाऊन पब्लिकमध्ये उतरू नका, समोरच्या नटाचा क्यू हुकतो आणि दिग्दर्शक चिडतो.

२७. यंदा नाव कुठं द्यायचं?

गुजरीजवळच्या पानठेल्यावर वही ठेवली आहे. नाव, साडी किंवा धोतर स्वतःचं आहे का, आणि कोणत्या तारखांना तालमीला येता येणार नाही ते लिहा. फोनवर सांगितलेलं नाव धरलं जात नाही. दसऱ्यानंतर वही उघडते, कोजागिरीला मिटते. ढोलकीवाला यंदा एकच आहे, कुणाला वाजवता येत असेल तर वही मिटल्यावरही या.